गाडीतली बाई इंग्रजी शिकते

३ जुलै, सोमवार

ही वही पुढेमागे उघडणार कोण, ते मला ठाऊक आहे. तूच, गाथोनी. मी सांगते ते लिहिणारीही तूच आणि विसरणारीही तूच. चष्मा शोधत असशील तर आधी कपाळावर चाचप. चुलीवर दूध ठेवून आली असशील तर ते उतरव. मग बस आणि वाच, म्हणजे "आई, मी असं कधी म्हटलं?" हे तुझं पालुपद तरी थांबेल.

मला अक्षर येत नाही. माझ्या नावाला मात्र येतं. पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव द्यायचं ही आमची रीत, म्हणून माझ्या मुलाची मुलगीही न्यागुथी. मुलगा गेला त्याला तीन वर्षं झाली. नाव राहिलं, सून राहिली, म्हणजे तूच गाथोनी. नात आता नैरोबीला कॉलेजात जाणार. म्हणजे मी शाळेचा उंबरा ओलांडला नाही, पण माझं नाव शिकायला पार नैरोबीपर्यंत चाललंय.

आज सांगण्यासारखं म्हणजे गाडी. महिना झाला, दारात उभी आहे. जपानात कुणीतरी वापरून टाकलेली, जहाजातून मोम्बासाला उतरलेली, मांजरासारखी राखाडी. गाथोनीने चहाची पानं खुडून खुडून घेतली आहे, तेव्हा तिला नावं ठेवायची नाहीत, असं मी ठरवलंय. आज तरी.

गाडीत मध्यभागी एक चौकोनी काच आहे. उजेड पडतो तिच्यात आणि नकाशा दिसतो. त्यावर सगळं जपानी. गाडी चालू केली की कुठूनशी एक बाई बोलते. गोड आवाज, एकच वाक्य, रोज तेच. मीही रोज उत्तर देते, "आम्ही बऱ्या आहोत बाई, तुझ्या घरचे कसे आहेत?"

गाथोनी म्हणते, "आई, ते यंत्र आहे."

असेना. नवऱ्याशीही मी चाळीस वर्षं असंच बोलले. तोही रोज एकच वाक्य बोलायचा.

नकाशावर एक लाल बाण आहे. तो एका नदीकाठी उभा आहे. शेजारी पूल आहे, आणि चारी पाय वाकवलेला एक क्रूस काढलाय. तिथलं चर्च असावं. आम्ही कारातिनाच्या बाजारात जातो, गवत आणतो, गिरणीवर जातो, आणि बाण आपला त्या नदीकाठीच. गाडीला अजून कुणी सांगितलेलंच नाही की ती जपान सोडून आली आहे. मला तिचं पटतं. मलाही लग्न होऊन इथे आल्यावर वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं.

५ जुलै, बुधवार

आज कळलं की गाडी कशासाठी घेतली आहे.

मला वाटलं होतं, चहाच्या पाट्या न्यायला, बाजाराला, मला दाताच्या डॉक्टरकडे न्यायला. दात चारच उरलेत म्हणून घाई नव्हती. तर संध्याकाळी अळकुड्या सोलता सोलता ही म्हणते, "आई, नैरोबीत एक कंपनी आहे. विमानतळावरच्या पाहुण्यांना ने-आण करते. आपली गाडी असेल तर बाईलाही ठेवतात. शनिवारी मुलाखतीला बोलावलंय."

"जा की. संध्याकाळी परत ये."

"घेतलं तर तिथेच राहावं लागेल. न्यागुथीजवळ राहता येईल. महिन्याअखेरीस गाडी दाखवायची आहे. स्क्रीन इंग्रजीत पाहिजे, म्हणजे नकाशा वाचता येईल. आणि मागचं दाखवणारा कॅमेरा चालू पाहिजे."

मी अळकुडी सोलत राहिले. एक तर इतकी सोलली की बोराएवढी उरली.

"इंग्रजी काय नि जपानी काय," मी म्हटलं, "कोंबडीने उकरलेली माती. कशाला त्या बाईची भाषा बदलतेस? वय झालेलं माणूस नवी भाषा शिकताना भ्रमिष्ट होतं."

"तुम्हाला कसं कळलं तिचं वय झालंय?"

"रोज तेच तेच सांगते यावरून."

हसली. पण तिचा पाय हलत होता. या पोरीचा पाय हलायला लागला की ती मनाने आधीच निघालेली असते. माझंच नाव न्यागुथी, म्हणजे चालत सुटणारी, आणि मी कारातिनाच्या पलीकडे गेलेली नाही. चालत सुटणारी माझ्या घरात दुसऱ्याच नावाने आली.

एक मात्र आहे. जोवर गाडीला वाटतंय की ती जपानात आहे, तोवर तिला नैरोबीचा रस्ता सापडायचा नाही. हे लिहू नकोस. लिहिलंस? खोड ते. बरं, राहू दे. कागद कशाला खराब करायचा?

९ जुलै, रविवार

काल गाथोनी भाड्याच्या मतातूत बसून नैरोबीला गेली, रात्रीच्या आत आली. स्वतःची गाडी दारात ठेवून लोकांच्या गाडीत कोंबून घेत गेली. म्हणते, शहरातले रस्ते अजून माहीत नाहीत. मुलाखत चांगली झाली. इतकी चांगली की ती मला सांगताना गाईलाच सांगत होती.

इकडे विशेष काही नाही. शेजारच्या गाचोका म्हाताऱ्याच्या घरी मयताची प्रार्थना होती. गेला बिचारा, बायकोला, वांगुईला, एकटं टाकून. गावातली वीज चार दिवस नाही, तरी पाद्र्याचा आवाज भोंग्यातून पलीकडच्या डोंगरापर्यंत स्पष्ट जात होता. छान झालं सगळं.

तपकिरीची डबी हल्ली लहान वाटते. तपकीर पूर्वीइतकी मावत नाही.

१० जुलै, सोमवार

गाडीने पाण्याच्या टाकीला ढुशी दिली.

झालं असं. सकाळी गाथोनीने गाडी सुरू केली. बाई बोलली, मी उत्तर दिलं. पण काच काळी. नदी नाही, पूल नाही, बाण नाही. मधोमध दोन ओळी जपानी आणि खाली अंकांसाठी रिकामे चौकोन. बोट लावलं की टुक करतं आणि पुन्हा त्याच दोन ओळी. गाडी मागे घेताना मागचं दाखवते ती काच. तिच्यावरच विसंबलेली ही, मान वळवायची सवयच गेली, आणि टाकी आडवी आली.

"टाकी आडवी आली नाही, आई. टाकी वीस वर्षं तिथेच आहे."

"मग तुला माहीत असायला हवी होती."

दिवसभर ती काचेला बोटं लावत बसली. मी म्हटलं, रुसली असेल. तू तिला इंग्रजी शिकवणार म्हणून कानावर गेलं असेल तिच्या.

"आई, एकवीस दिवस राहिलेत!"

मी दिवस मोजत नाही. मोजलेल्या गोष्टी कमी होतात, असं आमच्या म्हाताऱ्या म्हणायच्या. पोरं आणि बकऱ्या तर कधीच मोजायच्या नाहीत. तिने मोजले, आता बघा.

१३ जुलै, गुरुवार

आज गिचुही आला. कारातिनात जपानी गाड्यांच्या काचा इंग्रजी करून देतो. "पाच मिनिटांचं काम," म्हणाला, आणि दोन कप चहा व एक ताट मका-घेवड्याची गिथेरी होईपर्यंत गाडीत डोकं घालून बसला. मक्याचा एक दाणा अजून सीटवर आहे.

"तुला जपानी येतं?" मी विचारलं.

"आजी, जपानी माझ्या डाव्या हाताचा मळ."

"मग ही बाई रोज काय म्हणते ते सांग."

त्याने गाडी सुरू केली, कान दिला. "ही होय! ही टोलनाक्याची पेटी, वेगळी असते, काचेशी संबंध नाही तिचा. ती म्हणते, कार्ड घातलेलं नाही. कार्ड घातलेलं नाही."

बघा! मी महिनाभर तिला घरच्यांची खुशाली विचारते आहे आणि ती आपली सासूसारखी उणं काढते आहे. उगाच नाही माझं तिच्याशी जमलं.

मग गिचुहीने काचेकडे बोट केलं. "ताई, हिला कुलूप लागलंय. चोराने उपटून नेली तर चालू नये म्हणून जपान्यांनी करून ठेवलंय. बॅटरी काढली की लागतं. बॅटरी कुणी काढली होती?"

"कुणीच नाही," गाथोनी म्हणाली. "मी मुलाखतीला गेले तेव्हाही आमच्या दारातून हलली नाही गाडी."

मी शेंगा सोलत होते. मला कुणी विचारलं नव्हतं.

आणि तेवढ्यात, देवाची करणी, वांगुई आली. डोक्यावर केळ्यांचा घड आणि हातात पाना. "न्यागुथी अगं, हा तुझा पाना राहिला होता आमच्याकडे. आणि ही केळी, तुमच्या बॅटरीला. काय सांगू, गाथोनी! वीज नाही, भोंगा मुका, पाद्री घसा खरवडतोय, आणि तुझ्या सासूने सरळ गाडीचं झाकण उघडून दिलं. माझ्या म्हाताऱ्याला इतक्या मोठ्या आवाजात कुणी कधी निरोप दिला नसता."

गाथोनीने माझ्याकडे पाहिलं. गिचुहीने केळं सोललं.

"मयताच्या घरी विस्तव नाकारत नाहीत," मी म्हटलं. "आणि संध्याकाळच्या आत आणून लावली त्यांनी. जशी नेली तशी. मी स्वतः गाडीत बसून राखण केली, पोरं इकडचं तिकडे करतील म्हणून."

गिचुही म्हणाला, कुलूप उघडेल, त्याची काळजी नाही. काचेखाली जी फट आहे तिच्यात नकाशाचं कार्ड असतं, नखाएवढं, काळं. ते मिळालं की त्यावरून तो अंक काढेल आणि इंग्रजी भरेल. ते नसलं तर काच उपटून नैरोबीला पाठवायची, मग महिना की दोन महिने, सांगता येत नाही. फटीत बोट घातलं. फट रिकामी.

"बंदरावर चोरलं असेल," म्हणाला. "नेहमीचंच आहे."

"पण नकाशा दिसत होता गेल्या आठवड्यापर्यंत!" गाथोनी म्हणाली.

मी तपकिरीची चिमूट घेतली नाही.

ही लिहिणारी आता पेन खाली ठेवते आहे. ठेव. मी काय

१९ जुलै, बुधवार

मधे वही बंद होती. लिहिणारीचा हात रुसला होता. स्वयंपाक मात्र करत होता, इतकं मीठ घालून की राग कुठे संपतो आणि बटाट्याचा मुकिमो कुठे सुरू होतो ते कळू नये.

काय काय बोलणं झालं ते ती लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, लिही, तुझं विसरायचं काम आहे.

ती म्हणाली होती, "आई, तुम्ही मुद्दाम केलंत."

मी म्हटलं होतं, "मुद्दाम करायला आधी ठाऊक असावं लागतं. मला झाकण कुठून उघडतं तेही वांगुईच्या पुतण्याने सांगितलं."

मग काल तिने वही उघडली आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं, ते नैरोबीच्या रस्त्याचं वाक्य, जे मी खोड म्हटलं होतं. वाचून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही चला माझ्याबरोबर."

"गाय?"

"वांगुई बघेल."

"आणि वांगुईला कोण बघेल?"

त्यावर तिने वही मिटली. आज सकाळी चहा पिताना म्हणाली, "जाऊ दे, आई. मी कंपनीला कळवते. न्यागुथी राहील वसतिगृहात. इथे काय कमी आहे? चहा आहे, गाडी आहे, बाजाराच्या फेऱ्या मारीन."

मला हेच हवं होतं. तेव्हा मला आनंद झाला, असं लिही.

तिचा पाय हलत नव्हता. चहा पिऊन झाल्यावरही कप धरून बसली होती. मुलगा गेला त्या वर्षी ती अशी बसायची. भिंतीकडे पाठ, कप रिकामा. तेव्हा मी तिला उठवायला काय काय केलं! गाय सोडून दिली एकदा, मुद्दाम, की ही तरी धावेल.

मी बाहेर आले, परत आत गेले. कोंबड्यांना दाणे टाकले, ते त्यांना टाकून झाले होते. दूध उतू गेलं. माझ्या हातून, माझ्या! गाडीपाशी गेले, चावी फिरवली, फिरवता येते मला एवढी. बाई बोलली. पूर्वी ती काय म्हणते ते कळत नव्हतं तेव्हा किती बरं होतं. आता कळतं, हीच पंचाईत. कार्ड घातलेलं नाही. बंद केली, परत चावी फिरवली. कार्ड घातलेलं नाही.

"ऐकलं, बये, ऐकलं," मी म्हटलं.

२१ जुलै, शुक्रवार

आज सकाळी मी तपकीर काढायला डबी उघडली, तर तपकिरीत काहीतरी काळं, नखाएवढं. गाथोनी भांडी घासत होती. तिच्यापुढे डबी धरली.

"हे बघ गं, किडा पडलाय की काय?"

तिने ओल्या हाताने उचललं, फुंकर मारली, तीन वेळा शिंकली. मग नुसती बघत राहिली. कार्डाकडे, मग माझ्याकडे.

"आई, हे तुमच्या डबीत कसं आलं?"

"त्या दिवशी राखणीला बसले होते ना. बोट लागलं, टक् करून बाहेर आलं. म्हटलं, पोरं उचलतील, नीट ठेवावं."

"आणि मग?"

"मग विसरले."

"विसरलात?"

"विसरले म्हणते ना! माणूस विसरतं. तू एकटीच विसरायचा मक्ता घेतलायस का?"

तिने ओल्या हातांनी, साबणासकट, माझ्या डोक्यावरचा रुमाल नीट केला. तो नीटच होता.

"हो," म्हणाली. "विसरतं माणूस."

लिही, की मी विसरले. स्पष्ट अक्षरांत लिही. आणि कंपनीला कळवलं नाहीस ना अजून? मला वाटलंच. तेही विसरलीस.

२५ जुलै, मंगळवार

गिचुहीचं पाच मिनिटांचं काम चौथ्या दिवशीही चालू आहे. कार्डातली तपकीर साफ करण्यातच त्याचा एक दिवस गेला. माझ्याकडे बघून म्हणतो, "आजी, ताशी किती चिमट्या?"

कुलूप उघडलं. काल काच इंग्रजी झाली आणि गाडी समुद्रात गेली. खरंच. सगळीकडे निळं, मधोमध आपला बाण. गाथोनी म्हणाली, हा नकाशा मलेशियाचा आहे.

"इंग्रजी आहे ना, ताई?" गिचुही म्हणतो.

"इंग्रजी आहे, पण मी पाहुण्यांना पाण्यातून नेऊ का?"

तो परत गेला, दुसरा नकाशा आणतो म्हणाला. रेडिओ मात्र सुधारला. जपानी रेडिओ नव्वदाच्या वर चढत नाही म्हणे, आणि आमचं गिकुयू बोलणारं स्टेशन राहतं वरच्या अंगाला. त्याने एक डबी जोडली, आणि गाडीत एकदम आमच्या बायकांचा दंगा. कोबीचे भाव, मग एक प्रार्थना, मग कुणाचा तरी हरवलेला बैल. मी तासभर बसून ऐकलं. बैल सापडला नाही.

गिचुही जाताना विचारत होता, टोलवाल्या बाईची तार तोडून टाकू का, डोकं खाते.

"हात तर लावून बघ," मी म्हटलं. "तिचं काम ती करते."

२७ जुलै, गुरुवार

आज दुसरा नकाशा लागला.

बाण हलला! काच भरून हिरवं आणि हिरव्यातून पिवळा रस्ता. गाथोनीने बोटाने दाखवलं, "आई, ही कारातिना. ही नदी, आपलीच. हा चहाचा कारखाना."

"आणि आपण?"

बाण हिरव्यात उभा होता. आजूबाजूला काही नाही. आमची वाट नाही, घर नाही, टाकी नाही, वांगुईचा गोठा नाही.

"इथे काहीच नाही म्हणते ही," मी म्हटलं. "मग मी लग्न झाल्यापासून राहते कुठे?"

"हे राहिलंय आपण करायचं," गाथोनी म्हणाली. गाडी आमच्या दारातच उभी होती. तिने काचेवर कुठे कुठे दाबलं आणि हिरव्यात टिकलीएवढं घर उमटलं. छप्पर, दार. कुणाही अडाण्याला कळेल असं. मग माझं बोट धरून तिने त्या घरावर ठेवलं. "आता कुठूनही हे दाबलं की गाडी वाट दाखवत इथे येते. अक्षर लागत नाही."

मी बाहेर येऊन बघितलं. घर जागेवर होतं.

मग जे करायचं ते केलं. गाथोनीला म्हटलं, वाक. तिच्या तळहातांवर आणि छातीवर हलकेच थुंकले, आईने मला सासरी धाडताना केलं होतं तसं. तोंड कोरडं पडलं होतं, पण जमलं. "वाट मोकळी असो," म्हटलं. "जाणं असो तसं येणंही असो." मग गाडीत वाकून काचेवरही थुंकले. तिलाही लांब जायचंय.

"आजी! आजी, त्याच्यात वीज आहे!" गिचुही फडकं घेऊन धावला.

"पुसलंस तर आशीर्वाद तुझ्या फडक्याला लागेल," मी म्हटलं. तो तसाच फडकं धरून उभा राहिला, गाडीकडे बघत, मग फडक्याकडे.

गाथोनी हसता हसता रडत होती. मी म्हटलं, आधी ठरव काय करायचंय ते.

सोमवारी निघते आहे. पुढचं लिहायला वांगुई येईल. प्रौढांच्या शाळेत शिकली आहे ती, जिथे मी गेले नाही, कारण बाक थंड होते.

६ ऑगस्ट, रविवार

गाथोनी, ही वांगुईची अक्षरं आहेत. वाकडी दिसली तर तिला बोल, मला नको. ती एका ओळीला एक कप चहा पिते. तुला म्हणून वहीचं पान फाडून मतातूवाल्याबरोबर पाठवते आहे. वाचून परत पाठव, वहीत चिकटवायचं आहे. विसरशील, म्हणून पानाला गाठ मारायला सांगितली होती, तर वांगुई म्हणते, कागदाला गाठ मारत नाहीत.

तुझा फोन आला ते बरं झालं. कंपनीने ठेवून घेतलं, न्यागुथीला कॉलेजात सोडलंस, सगळं ऐकलं. मागे घेताना मान वळव. काच काहीही दाखवो.

इकडे सकाळी उठले की अंगणात गाडीच्या जागी कोंबड्या बसतात. तेलाचे डाग पडलेत, ते मी धुतले नाहीत. त्या वेळेला कुणी बोलत नाही, म्हणून मीच म्हणते, "आम्ही बऱ्या आहोत बाई, तुझ्या घरचे कसे आहेत?" वांगुई पलीकडून ओरडते, "बरे आहेत!" तिला वाटतं, तिलाच विचारलं. विचारलं म्हण.

गाय चांगली आहे. टाकीचा पोचा तसाच आहे. वांगुई संध्याकाळी इथेच जेवते आणि माझी तपकीर ओढते.

तू विचारत होतीस, काय पाठवू. पाव नको, दात चार आहेत आणि ते आपसांत बोलत नाहीत. डब्यातलं काही नको. नैरोबीत रस्त्यावर बटाट्याच्या लांब लांब फोडी तळून कागदात देतात ना, मीठ-मिरची टाकून, न्यागुथीने मागे सांगितल्या होत्या, त्या हव्यात. भरपूर, वांगुईपुरत्याही. पण मतातूवाल्याकडे देऊ नकोस, तो वाटेत खाईल. आणि एक लक्षात ठेव, गार झालेल्या मी खात नाही. तेव्हा तेल नि बटाटे गाडीत घाल, ते टिकलीएवढं घर दाब, आणि इथे येऊन माझ्या चुलीवर तळ.